उंची मोजून खेळाडू निवडतात का? अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या निमित्ताने



आजचा पाठ खेळाचा आहे. पण त्यात थोडं भौतिकशास्त्र आहे, थोडी टक्केवारी आहे, आणि आकडे समोर असताना निष्कर्ष कसा काढायचा हेही आहे. त्यामुळे वही-पेन्सिल जवळ ठेवा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये आता क्रिकेटइतकाच बेसबॉलही शिरला आहे. शाळेच्या संघात खेळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न हमखास पडतो. मुलगा खेळतो झकास, पण उंची पाच फूट सात इंच. कॉलेजच्या संघात त्याला कोणी घेईल का? की उगाच शनिवार-रविवार गाडी पळवण्यात आणि शिबिरांच्या फिया भरण्यात तीन-चार वर्षं घालवायची?

उत्तर आधीच सांगतो, मग कारणं पाहू. हो, उंची मोजली जाते. पण मैदानावर ती जेवढी उपयोगी पडते, त्यापेक्षा निवड करणाऱ्याच्या वहीत ती जास्त मोजली जाते. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्या एक समजल्यामुळेच पालक एकतर फार लवकर निराश होतात किंवा नको तितके आशावादी होतात.

उंचीचा खरा फायदा किती?

ज्यांना बेसबॉल अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पिचर एका उंचवट्यावरून चेंडू टप्पा न देता फेकतो, बॅटर तो गोल दांड्याच्या बॅटने मारतो आणि चार बेस पळून एक धाव काढतो. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४ मीटर, आणि एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट.

आता पिचरचा विचार करू. नववी-दहावीत वर्तुळाकार गती शिकताना आपण पाहिलं की टोकाचा वेग म्हणजे कोनीय वेग गुणिले त्रिज्या. हात ही त्रिज्या धरली, तर तेवढ्याच कोनीय वेगाने फिरणारा लांब हात चेंडूला जास्त वेग देतो. हात ५ टक्के लांब असेल तर ताशी ८५ मैलांचा चेंडू ८९ मैलांच्या पुढे जाईल. कागदावर हे छान दिसतं. पण लांब हात तेवढ्याच वेगाने फिरवायला जास्त ताकद लागते, कारण जडत्व आघूर्ण त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं. म्हणजे निसर्गाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतलं. ज्याच्याकडे लांब हात आहे आणि तो फिरवायची ताकदही आहे, त्याला मात्र फायदा होतोच.

दुसरा फायदा जरा लपलेला आहे. उंच पिचर पाऊल लांब टाकतो आणि चेंडू होम प्लेटच्या अधिक जवळ येऊन सोडतो. समजा एकाने पट्टीपासून ६ फूट पुढे चेंडू सोडला आणि दुसऱ्याने ७ फूट. दोघांचाही वेग ताशी ९० मैल, म्हणजे सेकंदाला १३२ फूट. पहिल्याच्या चेंडूला ५४.५ फूट जायचं आहे, त्याला सुमारे ०.४१३ सेकंद लागतील. दुसऱ्याला ५३.५ फूट, म्हणजे ०.४०५ सेकंद. हवेचा विरोध आपण इथे सोडून दिलाय. फरक फक्त ०.००८ सेकंदाचा. क्षुल्लक वाटतो ना? पण बॅटरला तो ९० चा चेंडू जवळजवळ ९२ चा भासतो. या पातळीवर दोन मैल ही मोठी गोष्ट आहे.

बॅटरच्या बाबतीत हिशेब उलटाही फिरतो. बॅटरच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्याला स्ट्राइक झोन म्हणतात. चेंडू त्यातून गेला आणि बॅटरने मारला नाही, तर तो त्याच्या विरुद्ध मोजला जातो. साहजिकच ठेंगण्या बॅटरचा झोन लहान. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुईस ब्राउन्स संघाचे मालक बिल वीक यांनी एडी गेडेल नावाचा ३ फूट ७ इंचाचा माणूस बॅटिंगला उतरवला होता. पाठीवर क्रमांक होता एक अष्टमांश! पिचरला त्याच्या झोनमध्ये एकही चेंडू टाकता आला नाही, चार चेंडूंत त्याला पहिला बेस फुकट मिळाला. तमाशाच होता तो, पण त्यातलं गणित खरं होतं.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये आता यंत्राने स्ट्राइक तपासण्याची पद्धत आली आहे. तिथे झोनचं खालचं टोक खेळाडूच्या उंचीच्या २७ टक्क्यांवर आणि वरचं टोक ५३.५ टक्क्यांवर धरतात. म्हणजे झोनची उंची शरीराच्या २६.५ टक्के. ५ फूट ६ इंचाच्या, म्हणजे १६८ सेंमीच्या बॅटरचा झोन होतो ४४.५ सेंमी. ६ फूट ७ इंचाच्या, म्हणजे २०१ सेंमीच्या बॅटरचा होतो ५३.३ सेंमी. फरक जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटर, एका चेंडूच्या व्यासापेक्षा जास्त. उंच माणसाला प्रत्येक वेळी एक चेंडूभर जास्त जागा राखायची असते. गंमत म्हणजे या यंत्रासाठी खेळाडूंची उंची बूट काढून नीट मोजावी लागली. संघाच्या पत्रकात छापलेली उंची बऱ्याचदा इंच-दोन इंच वाढवलेली असते हे सगळ्यांनाच माहीत होतं, ते आता टेपने दाखवून दिलं.

मग उंच बॅटर घेतातच कशाला? ताकदीसाठी. भारी शरीर आणि लांब हात नीट वापरले तर चेंडू बॅटवरून जास्त वेगाने सुटतो, कुंपणापलीकडे जातो. होमरन आहे तिथे उंचीला भाव आहे.

कोच नेमका कशावर पैसा लावतो?

हा पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, सावकाश वाचा.

कॉलेजचा कोच आज खेळणारा खेळाडू विकत घेत नसतो. तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे बघून अंदाज बांधत असतो की हा एकविसाव्या वर्षी कसा असेल. म्हणून सहा फूट दोन इंचाचा, काडीसारखा, रुंद खांद्यांचा मुलगा समोर आला आणि तो ताशी ८४ मैल टाकत असला, तरी कोच वहीत खूण करतो. त्याला त्या हाडापेरावर अजून दहा-पंधरा किलो स्नायू चढताना दिसतात. त्याच्या शेजारी पाच फूट आठ इंचाचा, पिळदार शरीराचा मुलगा ८६ टाकत असेल. आज तो सरस आहे. पण कोच मनात म्हणतो, 'याची वाढ झाली, हा जेवढा व्हायचा तेवढा झाला.'

हा अंदाज बरोबर असतो का? कधी असतो, कधी नसतो. पण तो अविचारी नाही. त्यामागे पैशाचं गणित आहे.

वर्षानुवर्षं अमेरिकेत पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या कॉलेजला बेसबॉलसाठी एकूण ११.७ शिष्यवृत्त्या देता येत. अकरा पूर्णांक सात! अमेरिकन फुटबॉलला ८५, आणि बेसबॉलला बारासुद्धा नाहीत. त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटायच्या, आणि ज्याला द्यायची त्याला किमान २५ टक्के तरी द्यायची. करा भागाकार: ११.७ भागिले २७ म्हणजे ०.४३. सरासरी मुलाला निम्म्याहून कमी फी माफ. पिचर मंडळींवर जास्त खर्च झाला की बाकीच्यांना चिल्लर. अ‍ॅरिझोना स्टेटकडून खेळणाऱ्या डस्टिन पेड्रोयाने संघाला चांगले पिचर आणता यावेत म्हणून आपल्या उरलेल्या शिष्यवृत्तीवर पाणी सोडलं होतं. त्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता नियम बदलले आहेत. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५-२६ पासून शिष्यवृत्त्यांची ती मर्यादा गेली, आणि तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना बेसबॉल संघात ३४ खेळाडू. त्याआधी ४० ठेवता येत होते. पालकांना पहिली अर्धी बातमी गोड लागते: पैसा वाढू शकतो. दुसरी अर्धी कडू आहे. संघातल्या शेवटच्या सहा जागा गेल्या, आणि ज्याला घेऊन दोन वर्षं वाट पाहावी असा मुलगा नेमका त्याच जागांवर बसायचा.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर. व्यावसायिक संघांची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, पूर्वी ४० फेऱ्यांची असे. २०२१ पासून ती २० फेऱ्यांची झाली. जी मुलं शाळेतून थेट व्यावसायिक संघात जायची, त्यातली बरीच आता कॉलेजकडे वळतात. आणि एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं आता खूप सोपं झालंय, त्याला ट्रान्स्फर पोर्टल म्हणतात. कोचला एकवीस-बावीस वर्षांचा, अंगाने भरलेला, कॉलेजच्या पिचिंगवर धावा काढून दाखवलेला माणूस आयता मिळतो. मग सतरा वर्षांच्या लहान चणीच्या पोराची स्पर्धा त्याच्या वर्गातल्या उंच मुलाशी राहत नाही, ती या बाप्याशी असते. माझ्या मते आजच्या घडीला उंचीपेक्षा वय आणि शरीराची परिपक्वता हाच मोठा अडसर आहे. लोक मात्र सगळं खापर उंचीवर फोडतात.

कोच आईवडिलांकडेही बघतात बरं का. बाप सहा फुटी असेल तर मुलगा अजून वाढेल असा होरा. याला डॉक्टरी आधार आहे. मुलाची अंदाजे उंची काढायचं सूत्र असं: वडिलांची उंची अधिक आईची उंची अधिक १३ सेंमी, भागिले २. वडील १७० सेंमी आणि आई १५७ सेंमी असतील तर ३४० भागिले २, म्हणजे १७० सेंमी. साधारण पाच फूट सात इंच. पण या सूत्रात आठ-साडेआठ सेंमी इकडेतिकडे धरायचं असतं. म्हणजे १६२ ते १७८. एवढी मोठी दरी असताना त्या एका आकड्यावर मुलाचं भविष्य ठरवणं शहाणपणाचं नाही. शिवाय काही मुलांची वाढ उशिरा होते. चौदाव्या वर्षी वर्गात सगळ्यात पुढे उभा राहणारा अठराव्या वर्षी मागच्या रांगेत गेलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय.

जन्मतारखेचाही खेळ असतो. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये कित्येक दशकं वयोगटाची तारीख ३१ जुलै होती. ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा गटात सगळ्यात मोठा, जुलैमधला सगळ्यात लहान. पुढे व्यावसायिक खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या तर त्यांत ऑगस्टमधले अमेरिकन जास्त आणि जुलैमधले कमी निघाले. आठव्या-नवव्या वर्षी अकरा महिन्यांनी मोठा म्हणजे अंगाने मोठा. त्यालाच खेळायला जास्त मिळालं, त्यालाच शाबासकी मिळाली, आणि तो पुढे गेला. उंची नावाच्या गुणात वय किती लपलेलं असतं पाहा.

जागेनुसार फरक

बेसबॉलमध्ये सगळ्यांना एकच फूटपट्टी नाही. पहिल्या बेसवर उंच माणूस हवा, कारण इकडेतिकडे आलेले फेकीचे चेंडू हात ताणून घ्यायचे असतात. दुसरा बेस, शॉर्टस्टॉप आणि मैदानाच्या मधोमध असलेला सेंटरफिल्डर यांना पाय हवेत, हात झटपट हवेत. तिथे पाच फूट आठला कोणी नाक मुरडत नाही. सगळ्यात कठीण वाट आहे उजव्या हाताने टाकणाऱ्या ठेंगण्या पिचरची. डावखुरा असेल तर कोच दोन इंच माफ करतात. उजव्याला नाही.

उदाहरणं वाचताना सावध

'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण आली की लोक होसे अल्टूवेचं नाव घेतात. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा हा खेळाडू ५ फूट ६ इंचाचा. २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू कोण, या मतदानात तो पहिला आला आणि दुसरा आला ६ फूट ७ इंचाचा अ‍ॅरन जज. दोघांचा शेजारी उभा असलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या वर्षी अ‍ॅस्ट्रोज संघावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग आहे हेही सांगायला हवं. पण अल्टूवे त्याआधी, २०१४ आणि २०१६ मध्येही फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला होता.

पण थांबा. अल्टूवे कॉलेजात गेलाच नाही. तो व्हेनेझुएलाचा. सोळाव्या वर्षी निवड शिबिरात गेला तेव्हा 'फार लहान आहेस, परत येऊ नकोस' असं त्याला सांगितलं गेलं. तो दुसऱ्या दिवशी जन्मदाखला घेऊन परत गेला, आणि अखेर १५,००० डॉलरवर त्याला घेतलं. ही गोष्ट प्रेरणा देणारी आहे, पण कॉलेजच्या निवडीबद्दल ती काहीच सांगत नाही. उलट कॉलेजात गेला तो जज. शाळेतून निघताना २०१० मध्ये ओकलंडने त्याला ३१ व्या फेरीत निवडलं होतं. तो फ्रेस्नो स्टेटमध्ये गेला आणि २०१३ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला. म्हणजे एवढ्या उंच मुलालासुद्धा तयार व्हायला कॉलेजची तीन वर्षं लागली.

कॉलेजची उदाहरणं हवीत तर ही घ्या. पेड्रोया पत्रकात ५ फूट ९ इंच. २००४ च्या ड्राफ्टमध्ये ६५ वा. २००७ मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित, २००८ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. डेव्हिड एकस्टाइन त्याहूनही लहान चणीचा. फ्लोरिडा विद्यापीठात तो शिष्यवृत्तीविना, आपणहून चाचणी देऊन संघात शिरला, आणि २००६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्कस स्ट्रोमन ५ फूट ७ इंचाचा, आणि तोही उजव्या हाताचा पिचर. ड्यूक विद्यापीठातून २०१२ मध्ये पहिल्या फेरीत २२ वा निवडला गेला. टिम लिन्सकम ५ फूट ११ इंच, सत्त्याहत्तर किलोच्या आसपास. पिचरसाठी हे किरकोळच. वॉशिंग्टन विद्यापीठातून २००६ मध्ये दहावा, आणि २००८ व २००९ असे लागोपाठ दोन साय यंग पुरस्कार.

आता दुसरी बाजू. ओरेगॉन स्टेटचा निक मॅड्रिगल, साधारण ५ फूट ८ इंच. २०१८ मध्ये कॉलेजचं अजिंक्यपद जिंकलं आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये चौथा! कॉलेजात उंचीने त्याचं काहीच अडलं नाही. पण व्यावसायिक पातळीवर दुखापती झाल्या, होमरन जेमतेम निघाले, आणि चौथ्या क्रमांकाला साजेशी कारकीर्द झाली नाही. कोचना ताकदीची जी काळजी वाटते ती अगदी हवेतली नाही.

आणि मोठं शरीर म्हणजे हमखास यश, असंही नाही. व्हँडरबिल्टचा पिचर कुमार रॉकर ६ फूट ५ इंचाचा. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. २०१९ मध्ये त्याने ड्यूकविरुद्ध १९ जणांना बाद करत प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिली नाही. पण २०२१ मध्ये मेट्स संघाने दहाव्या क्रमांकावर निवडूनही वैद्यकीय शंकेमुळे त्याच्याशी करार केला नाही. पुढे खांद्याची आणि कोपराची, दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. 'मनीबॉल' सिनेमातले बिली बीन आठवतात? ते स्वतः शाळेत असताना स्काउट मंडळींच्या स्वप्नातले खेळाडू होते. सहा फूट चार इंच, देखणे, १९८० मध्ये पहिल्या फेरीत निवडलेले. खेळाडू म्हणून ते फसले. पुढे व्यवस्थापक झाल्यावर २००२ मध्ये त्यांनी स्काउटना न आवडणाऱ्या जाड अंगाच्या कॅचरला, अलाबामा विद्यापीठाच्या जेरेमी ब्राउनला पहिल्या फेरीत घेतलं. तो वरच्या पातळीवर पाचच सामने खेळला. सिनेमा आणि पुस्तक वाचून भारावलेल्यांनी हा शेवटचा आकडाही लक्षात ठेवावा.

आता आकडेशास्त्राचा धडा. २०१० मध्ये बेसबॉल संशोधकांच्या संस्थेच्या नियतकालिकात पिचरच्या उंचीवर एक अभ्यास आला होता. निष्कर्ष असा की मेजर लीगमधल्या ठेंगण्या आणि उंच पिचरांच्या कामगिरीत आणि टिकाऊपणात म्हणावा असा फरक नाही. लगेच लोक म्हणतात, पाहा, उंचीने काही फरक पडत नाही!

चूक. हा अभ्यास दाराच्या आत पोचलेल्यांचा आहे. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. अकरावीला एखाद्या कॉलेजचा कट-ऑफ ९४ टक्के आहे. आत आलेल्या खेड्यातल्या आणि शहरातल्या मुलांचे बारावीचे निकाल सारखेच लागले. यावरून खेड्यातल्या शाळेत आणि शहरातल्या शाळेत सोयी सारख्याच होत्या असं म्हणाल का? नाही. ज्यांनी ९४ टक्के काढले तेच आत आले, दाराबाहेर किती राहिले ते आपण मोजलंच नाही. तसंच हे. जो ठेंगणा पिचर मेजर लीगपर्यंत पोचला, त्याच्याकडे वेग, नेम, फिरकी यांतलं काहीतरी असामान्य होतंच. त्या अभ्यासातून एवढंच म्हणता येतं: दाराच्या आत आलेल्या ठेंगण्याला आता उंचीवरून कमी लेखू नका. बाहेर उभ्या असलेल्या दहा ठेंगण्यांपैकी कितीजण आत येतील, हे त्यातून कळत नाही.

मग पाच फूट सातच्या मुलाने काय करायचं?

उंची वाढवता येत नाही. पण कोचच्या वहीत उंचीच्या शेजारी आणखी रकाने असतात, ते भरता येतात. ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर धावण्याची वेळ. बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग. फेकीचा वेग. कॅचर असेल तर चेंडू हातात आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंतचा वेळ, तो २ सेकंदांच्या आसपास हवा. ही सगळी घड्याळाने आणि रडार गनने मोजायची कामं आहेत, तिथे डोळ्याचा पूर्वग्रह चालत नाही. लहान चणीच्या मुलाचा खरा मित्र स्टॉपवॉच आहे. त्यामुळे 'माझा मुलगा फार मेहनती आहे' असं लांबलचक पत्र लिहिण्यापेक्षा तीन आकडे आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा. आणि पत्र मुलाने लिहावं, बाबांनी नाही. अकरावीत जाण्याआधी डिव्हिजन वनच्या कोचना मुलाशी निवडीबद्दल बोलायची परवानगी नसते, तेव्हा नववीतल्या मुलाला उत्तर आलं नाही म्हणून रडू नये.

जागा बदलायची लाज वाटू देऊ नका. तिसऱ्या बेसवर खेळणाऱ्याला दुसऱ्या बेसवर भवितव्य असू शकतं.

एक गोष्ट मात्र करू नका. उंचीची कसर वेगाने भरून काढायची म्हणून वर्षभर पूर्ण ताकदीने चेंडू फेकत राहणं. कोपरातला अस्थिबंध फाटतो, आणि त्यावर टॉमी जॉन नावाची शस्त्रक्रिया करावी लागते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती प्रथम केली, तेव्हा ती मोठ्या खेळाडूंची गोष्ट होती. आता शाळकरी मुलांवर होते. अमेरिकेतल्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, १७-१८ वर्षांच्या मुलाने १०५. शनिवारी शाळेच्या संघात आणि रविवारी खासगी संघात टाकताना दोन्हीकडचे कोच फक्त आपापले चेंडू मोजतात. बेरीज घरच्यांनीच ठेवायची असते.

आणि डिव्हिजन वन म्हणजे सगळं कॉलेज बेसबॉल नव्हे. दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं आहेत. कर्बी पकेट ५ फूट ८ इंचाचा होता. शाळेनंतर त्याला कुठल्याच कॉलेजची शिष्यवृत्ती नव्हती, तो मोटार कारखान्यात काम करत होता. पुढे शिकागोजवळच्या ट्रायटन या दोन वर्षांच्या कॉलेजातून १९८२ मध्ये निवडला गेला, आणि २००१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही, पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो विद्यापीठ ही सगळी तिथेच खेळतात. अभ्यासात पुढे असलेल्या मुलाचा अर्ज तिथे कोचच्या पाठिंब्याने बळकट होऊ शकतो. आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, हेही अनेकांना माहीत नसतं. आपल्या घरांत मुलगा तसाही अभ्यासात मागे नसतो. तेव्हा 'डिव्हिजन वन नाही तर काही नाही' हा हट्ट मला तरी अनाकलनीय वाटतो. चार वर्षं बाकावर बसण्यापेक्षा चार वर्षं दुसऱ्या बेसवर उभं राहिलेलं बरं.

सरावासाठी

१. एका मुलाचे वडील १७५ सेंमी आणि आई १६० सेंमी उंच आहेत. सूत्राने त्याची अंदाजे उंची काढा. त्यात साडेआठ सेंमी वजा आणि अधिक करून येणारी मर्यादा फूट-इंचांत लिहा.

२. त्या मुलाची उंची अंदाजाइतकीच झाली, तर यंत्राच्या नियमाने त्याचा स्ट्राइक झोन किती सेंटिमीटरचा होईल? अ‍ॅरन जजच्या झोनपेक्षा तो किती टक्के लहान आहे?

३. एका कोचने आपल्या ११.७ शिष्यवृत्त्यांपैकी ७ शिष्यवृत्त्या १२ पिचरांना दिल्या. उरलेल्या १५ जणांना प्रत्येकी सरासरी किती टक्के मिळतील? प्रत्येकाला किमान २५ टक्के देण्याचा नियम पाळला जातो का?

४. एका कॉलेज संघात उंची आणि बॅटिंग सरासरी यांच्यात काहीच संबंध आढळला नाही. 'म्हणून या कोचने निवड करताना उंची पाहिलेली नाही' हे विधान बरोबर आहे का? ते तपासायला आणखी कोणती माहिती मागाल?